तांबोशीच्या डोक्यातला खडा

[दृश्य : बेळगाव, कॅम्पातला मासळी बाजार, सकाळ. बर्फाच्या पेटीतून बाहेर येणारे हात. वितळलेलं पाणी फरशीवरून गटाराकडं. एका लालसर माशावर ताणलेली शिंप्याची टेप.]

४१ सेंटिमीटर. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. टेप शिंप्याची, मासा तांबोशी.

"काय मोजायलास रे बाळा? घेणार हाईस की नुस्तं मोजणार?"

मावशींचा प्रश्न रास्त आहे. घेणार आहे, पण आधी मोजणार. ही फिल्म समुद्रातल्या अभयारण्यांबद्दल आहे. ती अभयारण्यं खरंच कामाची आहेत का, हे ओळखायची सगळ्यात स्वस्त रीत म्हणजे मासा हातात घ्यायचा आणि तो केवढा आहे ते बघायचं.

बेळगावात बसून समुद्रावर फिल्म करतोय म्हटल्यावर मित्र हसले. समुद्र इथनं घाटाच्या खाली, शंभर किलोमीटरच्या पुढं. पण आमच्या सीमाभागाच्या घोषणेत बेळगाव-निपाणीच्या जोडीला कारवार आहे, तेव्हा समुद्रावर आमचा थोडाफार हक्क पोचतो असं मी त्यांना सांगितलं. आणि घोषणा राहू दे, मासळी तर रोज पोचते. चोर्ला घाटातून गोव्याची, वेंगुर्ला रस्त्यानं सिंधुदुर्गाची, आणि कारवारची. पहाटे गाड्या येतात, आणि उजाडेपर्यंत कुठला मासा कुठल्या बंदराचा हे बर्फात मिसळून जातं.

[दृश्य : नकाशा. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक. सीमारेषा ठळक होते. मग नकाशा पश्चिमेकडं सरकतो. निळ्या पाण्यावर एक छोटा चौकोन.]

पाण्यातली ही रेषा मालवणची. १९८७ साली महाराष्ट्र सरकारनं इथं सागरी अभयारण्य जाहीर केलं. एकूण २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातला ३.१८ चौरस किलोमीटर हा गाभा, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा. आत प्रवाळ आहे, शेवाळाची राने आहेत, कातळांच्या कपारी आहेत. आणि त्याच पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढणारी, गळ टाकणारी माणसं आहेत. त्यांनी विरोध केला, आणि तो बरीच वर्षं चालला.

कागदावर कुणीतरी रेषा ओढतं आणि रेषेच्या आतल्या माणसाला सकाळी उठल्यावर कळतं, ही गोष्ट बेळगावात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. १ नोव्हेंबर १९५६ पासून आम्ही तेच जगतोय. म्हणून या विषयाचं शास्त्र वाचायला घेतलं तेव्हा माझा पहिला प्रश्न माशांबद्दलचा नव्हता. रेषा ओढल्यावर ती बरोबर होती की चूक, हे कुणी मागाहून तपासतं का, एवढंच मला हवं होतं.

तपासतात. आणि तपासायच्या रीतीवरूनच शास्त्रज्ञांची आपसात भांडणं आहेत.

[दृश्य : येळ्ळूरचं भातशेत. बांधाच्या अलीकडं-पलीकडं दोन वाफे.]

पाण्यात उतरण्याआधी जरा शेतात. समजा, नवीन खताचा गुण बघायचाय. एका वाफ्यात खत टाकलं, शेजारच्यात नाही. सुगीला खताचा वाफा भरघोस. म्हणजे खत चांगलं? येळ्ळूरचा शेतकरी लगेच विचारेल : तो वाफा आधीपासूनच कसदार नव्हता कशावरून?

समुद्रात नेमकं हेच होतं. अभयारण्याच्या आत मासे जास्त, बाहेर कमी, असं मोजून आलं की आपण टाळ्या वाजवतो. पण अभयारण्याला जागा निवडतात ती मुळातच चांगली, प्रवाळाची, कपारींची. तिथं मासे आधीपासूनच जास्त असणार. मग म्हणावं, आधी किती होते आणि नंतर किती झाले ते बघू. तेही पुरत नाही. एखाद्या वर्षी पाऊसमानच असं असतं की दोन्ही वाफे भरतात. म्हणून रेषा ओढायच्या आधी आत मोजायचं, बाहेर मोजायचं. ओढल्यावर पुन्हा आत, पुन्हा बाहेर. चारही आकडे हातात आले तरच बाहेरच्यापेक्षा आत किती जास्त फरक पडला ते कळतं. बोलायला सोपं आहे. पण जगातल्या बहुतेक अभयारण्यांत 'आधी' कुणी मोजलेलंच नसतं. अधिसूचना निघते, फलक लागतो, आणि दहा वर्षांनी कुणालातरी आठवतं की मोजायचं राहिलं.

[दृश्य : फिलिपिन्सचा नकाशा. सेबूच्या दक्षिण टोकाजवळ एक ठिपका.]

एका ठिकाणी मात्र हा प्रयोग पुरा झाला, आणि तोही कुणाची इच्छा नसताना. फिलिपिन्समधलं सुमिलोन हे छोटं बेट. सिलिमन विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ एंजल अल्काला यांनी १९७४ साली तिथल्या प्रवाळाचा साधारण चौथा हिस्सा मासेमारीला बंद करायला लावला. दहा वर्षं राखण झाली. बाकीच्या तीन हिश्शांत मच्छीमार मासे धरत राहिले आणि किती धरले त्याची नोंद होत राहिली. १९८४ साली गावचं राजकारण फिरलं, राखण मोडली, आणि बंद भागात जाळी शिरली.

आता हिशेब काय सांगतो? मासेमारीला जास्त जागा खुली झाली म्हणजे मासळी जास्त मिळायला हवी. दीडेक वर्षात एकूण पकड निम्म्याहून खाली आली. चौथा हिस्सा बंद होता तेव्हा उरलेल्या तीन हिश्शांत जेवढं मिळत होतं, त्याच्या निम्मंसुद्धा चार हिस्से मिळून मिळेना. बंद भागातनं मासे बाहेर येत होते, आणि बाहेरच्यांची जाळी त्यावरच भरत होती, हे झाकण काढून घेतल्यावर कळलं.

मासे रेषा ओलांडतात हे मच्छीमारांना शास्त्रज्ञांच्या आधी माहीत असतं. जगभर कुठंही नीट राखलेलं अभयारण्य असेल तर त्याच्या हद्दीला चिकटून बोटींची रांग लागते. निपाणीच्या पुढं कोगनोळीकडं जाताना बघा, सीमेला चिकटून पेट्रोल पंप कसे उभे आहेत. अलीकडं एक भाव, पलीकडं दुसरा. रेषा खरी आहे का नुसती कागदावर, हे ओळखायचं असेल तर तिच्या काठावर गर्दी होते का ते बघावं. संशोधकही तेच बघतात. आता उपग्रहातून बोटींच्या वाटा दिसतात, त्या रेषेपाशी दाटतात का ते नकाशावर तपासतात.

[दृश्य : पुन्हा बाजार. मावशी तारल्यांचा ढीग रचताना.]

"ह्या तारल्या कशाला, भाजायला की आमटीला?" मावशी विचारतात. मी सांगतो, कॅमेऱ्याला. त्यांना वाटतं मी चेष्टा करतोय.

चेष्टा नाही. समुद्राच्या तळाशी मासे मोजायची एक पद्धत अशी : लोखंडी सांगाड्यावर कॅमेरा बसवायचा, समोर काठीला जाळीची पिशवी बांधायची, पिशवीत किलोभर ठेचलेल्या तारल्या. सांगाडा तळाशी सोडायचा, तासभर चित्रण करायचं, वर ओढायचा. वासानं मासे येतात. अडचण एवढीच, की एकच गोबरा दहा वेळा येऊन तोंड दाखवून गेला तर तो दहा गोबरे म्हणून मोजला जाईल. यावर तोड साधी आहे. पूर्ण तासातल्या ज्या एका क्षणी पडद्यावर सगळ्यात जास्त गोबरे एकत्र दिसले, तेवढाच आकडा धरायचा. एकाच वेळी चार दिसले तर चार नक्की आहेत. पाचवा असेलही, पण तो खात्यात नाही. असा हात राखून केलेला हिशेब मला आवडतो. कॅमेरे दोन लावले तर आपल्या दोन डोळ्यांसारखं अंतर कळतं, आणि मासा न धरता त्याची लांबी मिळते. माझ्या शिंप्याच्या टेपचं काम, पाण्याखाली.

हे कशासाठी, तर त्याआधीची रीत माणसानं बुडी मारून मोजायची होती. तळाशी ५० मीटर टेप अंथरायची, तिच्या दोन्ही अंगांना जे दिसेल ते पाटीवर लिहीत पुढं सरकायचं. अजूनही चालते, चांगली चालते. पण अभयारण्यातले मासे माणसाला सरावतात, जवळ येतात. बाहेरचे, भाल्याची सवय असलेले, लांबूनच पळतात. मग आत जास्त दिसले ते खरोखर जास्त आहेत म्हणून, का निर्ढावलेत म्हणून?

आणि आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हे दोन्ही प्रकार निकामी. घाटावरून येणारी माती पाण्यात उतरली की हातभर अंतरावरचं दिसत नाही. अशा वेळी पाण्याचाच नमुना घ्यायचा. लिटर-दोन लिटर पाणी बारीक गाळणीतून गाळलं की माशांनी मागं सोडलेला डीएनए हाती लागतो. अंगावरचा चिकटा, खवल्यांचे कण, विष्ठा यांतून आलेला. इथून कोणकोण गेलं ते त्यातून कळतं. पण ते किती होते, केवढे होते, म्हातारे होते की पोरसवदा, हे पाणी सांगत नाही.

आणि केवढे, हाच तर मुद्दा आहे.

[दृश्य : मावशींची विळी. तांबोशीचं पोट उघडतं. आत गाबोळी नाही.]

गाबोळी नाही. ही मादी असेल तर तिनं अजून अंडी घातलेली नसावीत.

अमेरिकेच्या किनाऱ्यावर हिचा एक चुलतभाऊ असतो, तिकडचा लाल स्नॅपर. त्याच्या माद्यांवरचा एक जुना हिशेब या विषयातल्या प्रत्येक वर्गात सांगितला जातो. ६१ सेंटिमीटरची एक मादी जेवढी अंडी घालते, तेवढी घालायला ४२ सेंटिमीटरच्या २१२ माद्या लागतात. लांबी दीडपटसुद्धा वाढलेली नाही, अंडी मात्र दोनशेपट. जाळ्यात आधी सापडतात त्या मोठ्या, आणि भाव येतो तोही मोठ्यांनाच. महाराष्ट्रानं २०२३ साली ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली. पापलेट १३५ मिलिमीटरच्या आतलं धरायचं नाही. चांगलं केलं. पण त्या नियमानं लहानांना अभय मिळतं. म्हाताऱ्या माद्यांना जगू द्यायचं असेल तर एखादी जागाच बंद ठेवावी लागते. १ जून ते ३१ जुलै ही आपल्या किनाऱ्यावरची ६१ दिवसांची बंदीही हंगामापुरती विश्रांती देते. ऑगस्टात जाळं पडलं की म्हातारी मादी पुन्हा उघड्यावर.

[दृश्य : मालवण जेट्टी. किल्ल्याकडं जाणाऱ्या होड्या, लाइफ जॅकेट घातलेले पर्यटक.]

२०१४ साली एक मोठा अभ्यास आला. ४० देशांतली ८७ सागरी संरक्षित क्षेत्रं, सगळीकडं एकाच पद्धतीनं बुडी मारून मोजलेली. पाच गोष्टी बघितल्या : मासेमारी पूर्ण बंद आहे का, राखण होते का, वय दहा वर्षांच्या वर आहे का, क्षेत्र १०० चौरस किलोमीटरच्या वर आहे का, आणि भोवती खोल पाणी किंवा वाळू असून जागा सुटी पडलेली आहे का. ५९ टक्के क्षेत्रांत यातल्या जेमतेम एक-दोन गोष्टी होत्या. तिथल्या माशांत आणि बाहेरच्या खुल्या पाण्यातल्या माशांत काही फरक सापडला नाही. नकाशावर अभयारण्य, पाण्यात नुसतं पाणी.

हे माप मालवणला लावून बघा. वय आहे, १९८७ पासूनचं. क्षेत्र नाही, २९ म्हणजे १०० च्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. सुटी जागा नाही. समोर बंदर आहे, गाव आहे, किल्ल्याच्या होड्या दिवसभर ये-जा करतात. या मापानं मालवण निकालात निघतं.

पण मी हे इथंच सोडणार नाही, कारण सुमिलोनच्या शेजारीच त्याला उत्तर आहे. आपो नावाचं बेट. तिथली बंद जागा अर्ध्या किलोमीटरहूनही कमी लांबीच्या किनाऱ्याला लागून. मालवणच्या गाभ्यापेक्षा कितीतरी लहान, आणि गावाच्या नाकासमोर. त्याच अल्कालांनी आपोच्या मच्छीमारांना सुमिलोनला नेऊन तिथला समुद्र दाखवला. पटायला काही वर्षं गेली. १९८२ च्या सुमाराला गावानं स्वतः जागा ठरवली, आणि गावकरीच पाळीपाळीनं राखणीला बसले. त्यानंतर वर्षानुवर्षं तिथं मोठे मासे वाढत गेले. सरकारी शिक्का नंतर आला. सुमिलोनची राखण गावच्या निवडणुकीनं मोडली. आपोची टिकली, कारण ती पहिल्यापासून गावाची होती.

तेव्हा क्षेत्रफळाच्या आकड्याला मी थोडं मागं सारतो. १०० चौरस किलोमीटर जरूर हवेत, पण अर्ध्या किलोमीटरवर रात्री कोण बसतं ते आधी विचारावं. २०३० पर्यंत जगातला ३० टक्के समुद्र राखायचा असं २०२२ साली माँट्रियलमध्ये देशांनी ठरवलंय. टक्के भरायची घाई झाली की काय होतं, हे सरकारी कचेरीत मार्च महिन्यात गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

[दृश्य : ग्रेट बॅरियर रीफचा नकाशा, रंगीत पट्टे.]

विचारण्याचंही शास्त्र आहे. ऑस्ट्रेलियानं ग्रेट बॅरियर रीफची आखणी २००४ साली नव्यानं केली. पूर्ण बंद भाग पाच टक्क्यांच्या आत होता तो ३३ टक्क्यांवर गेला. त्यासाठी मार्क्सॅन नावाचं संगणकीय साधन वापरलं. प्रत्येक प्रकारच्या तळाचा ठरावीक हिस्सा राखला जावा आणि माणसांचं नुकसान कमीत कमी व्हावं, असं गणित ते सोडवतं. ते एक उत्तर देत नाही, नकाशांचा गठ्ठा देतं. म्हणजे भांडायला जागा उरते. आणि लोक भांडले : दोन फेऱ्यांत मिळून ३१ हजारांवर लेखी सूचना आल्या, रेषा हलल्या, मगच कायम झाल्या.

सगळ्यात नाजूक भाग मच्छीमारांकडून माहिती घेण्याचा. कुठं धरता, कुठल्या कातळावर काय मिळतं? खानापूरच्या जंगलात आळंबी कुठं उगवते हे माणूस सख्ख्या मेव्हण्याला सांगत नाही. मग वहीवाल्या पाहुण्याला कातळ कोण दाखवेल? आणि दाखवला तर उद्या तिथंच बंदी येणार, हे त्याला कळत नाही का? म्हणून शहाणे संशोधक नेमकी जागा विचारतच नाहीत. नकाशावर मोठे चौकोन आखतात, चौकोनात बोट ठेवायला सांगतात. गुपित त्याचं त्याच्याकडं राहतं आणि गणितापुरतं कामही होतं.

[दृश्य : भीमगडचं जंगल, ओढा. देगाव परिसर. धुकं.]

आता आमच्याकडं परत. हा ओढा म्हणजे म्हादई, अजून लहान. खानापूर तालुक्यात, देगावच्या आसपास, भीमगडच्या रानात ती उगम पावते. हेही अभयारण्य, २०११ साली जाहीर झालेलं, १९० चौरस किलोमीटरचं. आत मराठी बोलणारी गावं आहेत : गवाळी, आमगाव, पास्टोली. इथंही रेषा आली, स्थलांतराच्या गोष्टी आल्या, आणि रस्ता, वीज, शाळा हे सगळं 'अभयारण्यात आहे' या एका वाक्यावर अडलं. मालवणचा मच्छीमार आणि गवाळीचा माणूस एकमेकांना भेटले तर त्यांना दुभाषी लागणार नाही.

हेच पाणी घाट उतरून गोव्यात जातं, पुढं मांडवी होतं आणि पणजीला समुद्राला मिळतं. आमच्याकडं या नदीचं नाव निघालं की पाणीवाटपाचे टीएमसी आणि लवाद एवढंच निघतं. तांबोशीचा विषय कुणी काढत नाही.

तांबोशी पिल्लू असताना खाडीत राहते. खारफुटीच्या मुळांत, निमखाऱ्या पाण्यात. वाढली की समुद्रात उतरते, कातळावर, प्रवाळावर जाते. म्हणजे कातळाभोवती कितीही चांगली रेषा ओढा, तिचं बालपण रेषेच्या बाहेर, नदीच्या तोंडाशी जातं. तिथलं पाणी किती गोडं, किती खारं, हे वर घाटावर काय होतं त्यावरही ठरतं. अभयारण्य आखणारे अलीकडं कातळासोबत खाडीचाही विचार करतात, तो यासाठी.

आणि ही गोष्ट मासा स्वतः लिहून ठेवतो.

[दृश्य : मावशी डोकं उभं चिरतात. सुरीच्या टोकानं पांढरा, चपटा खडा बाहेर. तळहातावर, गहू-तांदळाहून थोडा मोठा.]

माशाच्या कानातला हा चुन्याचा खडा. तोल सांभाळायला असतो. झाडाच्या खोडासारखी त्याला वर्तुळं पडतात, वर्षाला एक. पिल्लांच्या खड्यात तर रोजचं एक सापडतं. आणि प्रत्येक वर्तुळात त्या-त्या दिवसांच्या पाण्याचा अंश अडकतो. गोड्या पाण्याजवळ बेरियम जास्त, समुद्रात स्ट्राँटियम जास्त. खडा कापून मधून कडेपर्यंत तपासत गेलं की मासा नदीच्या तोंडाशी केव्हा होता आणि समुद्रात केव्हा गेला, ते वाचता येतं.

एका ओळखीच्या प्रयोगशाळेत आम्ही हा खडा घासून पातळ केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. रसायनं तपासायचं यंत्र तिथं नव्हतं. वर्तुळं तीन मोजली. चौथ्यावर आमचं एकमत झालं नाही.

[दृश्य : बाजार, दुसऱ्या दिवशी. मावशींच्या हातात मोबाइल, पडद्यावर खड्याचा फोटो.]

मावशी फोटो बराच वेळ बघतात. बोटानं मोठा करतात.

"म्हणजे तीन वर्साची पोर व्हय. आणि गोव्याकडची?"

गाडी गोव्याची होती, एवढं माहीत आहे.

"मग ते तू म्हणतोस ती रेघ... तिच्या आतली धरली का भायरची?"

ते खड्यात येत नाही, मी म्हणतो.

"मग काय उपेग." फोन परत येतो. त्या ओल्या हातानं पेटीवरचा बर्फ सारतात. आज तांबोशी नाही, सौंदाळे आहेत, बांगडे आहेत. मागं एक गिऱ्हाईक केव्हाचं उभं आहे.

"काय देऊ ओ? बांगडा बगा, आत्ताच उतारलाय."